क्रमांक आणि वचन

आम्ही ज्या गावात राहतो त्या गावाला त्याच्या नावाने थोडे छळले आहे. जयपूरच्या उत्तरेस, सीकरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सुमारे तेहतीस किलोमीटरांवर चौमूं आहे. नाथावत राजपुतांचे हे जुने ठाणे. गढी आहे, गजबजलेला बाजार आहे, आणि भोवताली जयपूरच्या स्वयंपाकघरांना भाजी पुरविणारी शेते आहेत. परंतु हिंदी बोलचालीत 'चोमू' हा शब्द बावळट माणसाला लावतात. त्या शब्दाचा आणि गावाचा संबंध असो वा नसो, येथील मुलगा दिल्लीच्या एखाद्या वसतिगृहात आपले गाव सांगतो तेव्हा ऐकणाऱ्याच्या ओठांवर हसू येते. दोनचार वेळा हा अनुभव घेतला की तो 'जयपूरचा' म्हणून सांगू लागतो. गावातील एक वीटही हललेली नसते, तरी गाव नावापुरते नाहीसे होते.

नावाचे सामर्थ्य हे असे आहे. वस्तू डोळ्यांपुढे येण्यापूर्वीच तिच्याविषयीचा निकाल नाव लावून मोकळे होते. गावाच्या बाबतीत हा विनोद म्हणून सोडून देता येतो, कारण गाव काही कोणी विकावयास काढलेले नाही. विक्रीच्या मालाचे नाव मात्र कोणी तरी जाणूनबुजून ठेवलेले असते, आणि त्या नावावर विसंबून दुसरा कोणी तरी पैसे मोजीत असतो. म्हणून तेथे प्रश्न नीतीचा होतो: घेणाऱ्याने नावातून जो अर्थ काढला, त्याची जबाबदारी नाव ठेवणाऱ्यावर किती?

हा प्रश्न मोटारी, साबण, दूरध्वनी यांच्या संदर्भातही विचारता येईल. आम्हांला तो बियाण्याच्या संदर्भात विचारावासा वाटतो, कारण तो तेथेच खराखुरा बोचतो.

पावसाच्या तोंडावर येथील खाद-बीजाच्या दुकानांतून बाजरीचे बियाणे विकले जाते आणि दिवाळीच्या सुमारास गव्हाचे. महाराष्ट्रातून नव्याने येथे आलेल्या माणसाला प्रथम जाणवते ते हे की, गिऱ्हाईक पिकाचे नाव फारसे घेतच नाही. तो आकडा बोलतो. 'राज ३७६५' हा गहू, 'आरएचबी १७७' आणि 'एचएचबी ६७' या बाजऱ्या. पहिले दोन जयपूरजवळच्या दुर्गापुरा येथील कृषी संशोधन केंद्राचे आणि तिसरा हरियाणातील हिसारच्या कृषी विद्यापीठाचा. अक्षरांत काही गूढ नाही; 'राजस्थान हायब्रिड बाजरा' आणि 'हरियाणा हायब्रिड बाजरा' यांची ती आद्याक्षरे आहेत. गूढ आहे ते आकड्यांत, आणि ते गूढही घेणाऱ्यानेच निर्माण केलेले आहे. संशोधन केंद्रावर शेकडो संकर केले जातात. प्रत्येकाला वहीत ओळखीपुरता एक क्रमांक मिळतो. बहुतेक संकर वर्षा-दोन वर्षांच्या चाचणीत नापास होतात आणि आपल्या क्रमांकासह त्या वहीतच विराम पावतात. एखादा टिकतो, तो आपला क्रमांक अंगावर घेऊन बाहेर पडतो. १७७ हा १७३ पेक्षा चार पायऱ्यांनी श्रेष्ठ, असा त्याचा मुळीच अर्थ नसतो. शाळेच्या हजेरीपटावर सदतिसावा असलेला मुलगा छत्तिसाव्यापेक्षा हुशार असतो असे आपण मानीत नाही; पण दुकानाच्या फळीवर तोच आकडा दिसला की आपले मन त्याला पायरी मानते. 'एचएचबी ६७' तर आणखी चकवितो. ही बाजरी सुमारे पासष्ट दिवसांत कापणीस येते, म्हणून तो आकडा दिवसांचाच असावा असे नवख्याला वाटले तर त्याला दोष देता येणार नाही.

घेणारा असे आकड्याला का चिकटतो? कापड बोटांत चुरून पाहता येते, आंबा हुंगता येतो, बैलाचे दात मोजता येतात. बियाण्याचा दाणा मात्र दिसतो आणि वाण दिसत नाही. ते कळावयाचे तर पेरावे लागते, आणि कळते तेव्हा हंगाम निघून गेलेला असतो. त्यातही गव्हाचे बियाणे शेतकरी घरचे राखू शकतो, पण संकरित बाजरीचे तसे नाही; तिच्या पिकातून राखलेला दाणा पुढच्या वर्षी मायबापांचे गुण जसेच्या तसे देत नाही. म्हणून दर वर्षी त्याला दुकानात यावे लागते आणि दर वर्षी पिशवीवरच्या नावावर नव्याने विश्वास टाकावा लागतो. ते नाव हीच त्याची सगळी परीक्षा. जगात इतक्या थोड्या पुराव्यावर इतका मोठा सौदा क्वचितच होत असेल. नवरी न पाहता लग्न लावण्याचे दिवस गेले, बियाण्याच्या बाबतीत ते अजून चालू आहेत.

आकडा आणि नाव या दोहोंत शेतकरी कोणाला जवळ करील, हेही सांगता येत नाही. महाराष्ट्रातील उसाचेच पाहावे. कोइमतूरची ऊस पैदास संस्था १९१२ सालापासून चालत आलेली. तिच्या 'को' या अक्षराने सुरू होणारे वाण आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या लावले गेले. एका काळी 'को ७४०' म्हणजेच ऊस असे समीकरण होते. पुढे 'को ८६०३२' आला. पहिले दोन आकडे त्याला क्रमांक मिळाल्याचे साल सांगतात आणि उरलेले त्या सालातील त्याची जागा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने त्याची शिफारस केली तेव्हा त्याला 'नीरा' असे सुरेख नावही दिले. नदीचे नाव, उसाच्या मुलखातली नदी. याहून गोड नाव कोणते असणार? तरीही सांगली-कोल्हापूरकडे 'नीरा द्या' असे म्हणणारा आम्हांला भेटलेला नाही. सगळे 'शहाऐंशी बत्तीस' म्हणतात. त्यानंतरचा 'कोएम ०२६५' तर याहून मौजेचा. त्यातील 'शून्य दोन' हे दोन हजार दोन साल आणि पासष्ट हा अनुक्रम. शेतकऱ्याने शून्य टाकून दिले, उरलेले जोडले आणि 'दोनशे पासष्ट' असा एक नवाच शब्द तयार केला; विद्यापीठालाही मग 'फुले २६५' असेच म्हणणे सोयीचे वाटले. शतक उलटल्यामुळे आता लहान आकड्याचा ऊस नवा आणि मोठ्या आकड्याचा जुना अशी स्थिती आहे, पण त्यामुळे कोणाचाही गोंधळ होत नाही, कारण येथे आकडा मोजण्याचा राहिलेलाच नाही. तो नाव झाला आहे.

याच्या उलट ज्वारीचे. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळच्या केंद्रावर निवडलेल्या वाणाचे कागदोपत्री नाव 'एम ३५-१'. लोकांनी तो आकडा कधीच मनावर घेतला नाही. त्यांची ती मालदांडीच राहिली. तिच्या भाकरीची चव सांगावयास आकड्याची गरज पडली नाही. आणि आकडा एकदा शब्द झाला की तो किती चिवट होतो, हे पाहावयाचे असेल तर 'चारशेवीस' घ्या. १८६० सालची दंडसंहिता १ जुलै २०२४ रोजी पायउतार झाली, फसवणुकीचा गुन्हा नव्या संहितेत ३१८ व्या कलमात जाऊन बसला. पण म्हणून कोणी लबाडाला 'तीनशे अठरा' म्हणू लागले आहे काय?

तेव्हा आकडा निष्पाप असू शकतो. वहीतून आला आणि लोकांच्या जिभेवर घासून गुळगुळीत झाला, तर त्याने कोणाचे वाकडे होत नाही. नडते ते जेव्हा विकणाऱ्याला कळून चुकते की, घेणारा आकड्याला पायरी समजतो.

आपल्या साहित्यशास्त्राने या प्रकाराला पूर्वीच नाव देऊन ठेवले आहे. शब्दाच्या तीन शक्ती: अभिधा, लक्षणा, व्यंजना. 'दोन' या शब्दाची अभिधा एवढीच की, एकानंतर येणारी संख्या. पण पिशवीवर एखाद्या नावापुढे 'दोन' छापले की व्यंजना जागी होते: पहिल्यातील उणीव ओळखली गेली, ती दूर केली गेली, हे अधिक चांगले आहे, आणि पहिलेच घेऊन बसाल तर मागे राहाल. यातील एकही वाक्य पिशवीवर नसते. काव्यात व्यंजना हा आत्मा समजला जातो. बाजारात तिचा उपयोग वेगळा आहे. माल खपतो तो व्यंजनेवर आणि तक्रार आली की बचाव केला जातो तो अभिधेवर. 'आम्ही दोन म्हटले. चांगले असे कोठे म्हटले?' हा युक्तिवाद कायद्यासमोर कदाचित टिकेलही.

व्यंजना प्रामाणिकपणे पाळता येते याचे उदाहरण पुन्हा बाजरीतच आहे. 'एचएचबी ६७' १९९० साली प्रसारित झाली. लवकर येणारी असल्यामुळे थोड्या पावसाच्या मुलखात ती घरोघर पोचली, आणि घरोघर पोचल्यामुळेच तिच्यावर संकट आले. मराठीत ज्याला गोसावी म्हणतात आणि इकडे ज्याला जोगिया म्हणतात, त्या रोगाला ती बळी पडू लागली. (दोन्ही भाषांनी एकाच रोगाला संन्याशाचे नाव द्यावे, यात शेतकऱ्याचे काही तरी जुने गाऱ्हाणे असले पाहिजे, कणसाच्या जागी दाणे न येता नुसता पाचोळ्याचा जटाभार येतो, हे मात्र खरे.) हैदराबादजवळच्या पाटनचेरू येथील आंतरराष्ट्रीय संस्था आणि हिसारचे विद्यापीठ यांनी तिच्या मायबाप वाणांत रोगप्रतिकाराचे गुण आणून बसविले, आणि २००५ साली नवी बाजरी बाहेर आली. तिला ६८ म्हणता आले असते, १०० म्हणता आले असते, एखाद्या देवतेचे नाव देता आले असते. तिला नाव दिले गेले 'एचएचबी ६७ सुधारित'. म्हणजे ही तुमची ओळखीचीच बाजरी आहे, तेवढ्याच दिवसांची आहे, फक्त तिच्यातील जे दुखणे होते त्यावर इलाज केला आहे. घेणाऱ्याच्या मनात जो अर्थ उमटतो तोच शेतात उगवतो. नामकरणाचा याहून सरळ नमुना आम्हांला ठाऊक नाही, आणि जाहिरातीच्या दृष्टीने याहून नीरस नावही क्वचितच असेल.

आता कापसाकडे वळू. ही हकीकत अधिक कडू आहे, आणि विदर्भ-मराठवाड्यातील वाचकांना ती आमच्यापेक्षा जवळून माहीत आहे. २००२ साली केंद्र सरकारच्या मंजुरीने बोंडअळीला दाद न देणारा कापूस आपल्या देशात आला. त्यात एका जीवाणूचा एक जनुक घातलेला होता; व्यापारी नाव 'बोलगार्ड'. २००६ साली 'बोलगार्ड २' आला, त्यात दुसरा एक जनुक होता. येथवर आकडा खरे बोलत होता: एक म्हणजे एक जनुक, दोन म्हणजे दोन. शेतकऱ्याला जनुक काय हे कळले नसेल, पण 'दोन'मध्ये एकापेक्षा काही तरी अधिक आहे हे त्याने पिकात पाहिले. आकड्याची पत अशा रीतीने बाजारात बसली. पुढे गुलाबी बोंडअळी या दोन्ही जनुकांना सरावली आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात तिने बोंडेच्या बोंडे आतून पोखरली. गांजलेला शेतकरी साहजिकच विचारू लागला: तीन कोठे आहे?

बाजाराने त्याला 'तीन' दिला. 'बीजी-३' या नावाने गावोगाव जे बियाणे हातोहात फिरू लागले, ते मंजुरी नसलेल्या तणनाशक-सहिष्णू कापसाचे होते. त्याचा गुण निराळाच. ग्लायफोसेट हे तणनाशक फवारले असता तण मरते आणि हा कापूस उभा राहतो. गुलाबी बोंडअळीविरुद्ध त्यात 'दोन'पेक्षा अधिक असे काहीही नाही. तीन जनुकांचा खराखुरा 'बोलगार्ड ३' जगात आहे, ऑस्ट्रेलियात २०१६ पासून तो पेरला जातो. परंतु आपल्याकडे त्याला मंजुरी नाही आणि या पिशव्यांत तो नव्हता. म्हणजे एका मालाची पत, दुसऱ्या मालाचे नाव आणि तिसराच माल, अशी ही मिसळ होती. 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण येथे पुरत नाही; सोनुबाईच्या हाती निदान वाळा तरी स्वतःचा होता.

तणनाशक-सहिष्णू कापूस शेतकऱ्याला हवा असू नये, असे आमचे म्हणणे नाही. निंदणीची मजुरी परवडत नाही, मजूर वेळेवर मिळत नाहीत, हे दुःख खरे आहे. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेने हे बियाणे उघडपणे पेरून सत्याग्रह केला. त्यांची मागणी तंत्रज्ञानाच्या स्वातंत्र्याची होती आणि तिचा विचार निराळा करावयास हवा. तेथे निदान माल काय आहे हे पेरणाऱ्याला आणि पाहणाऱ्याला माहीत होते. आम्ही बोलतो आहोत ते त्या दुसऱ्या माणसाविषयी, ज्याने तिन्हीसांजेला कोणाच्या तरी दुचाकीवरून आलेली पिशवी घेतली ती बोंडअळी जाईल या आशेने. त्याला पावती मिळाली नाही. पीक बुडाले तेव्हा नुकसानभरपाई मागण्यास त्याच्याजवळ कागद नव्हता, आणि मागणार कोणाकडे, तर जो विक्रेता मुळात अस्तित्वातच नाही त्याच्याकडे. त्याला फसविण्यासाठी एकही खोटे वाक्य बोलावे लागले नाही. एक आकडा पुरला.

महाभारतातील द्रोणवध येथे आठवल्यावाचून राहत नाही. तो प्रसंग आपण 'नरो वा कुंजरो वा' या शब्दांसाठी लक्षात ठेवतो आणि युधिष्ठिराच्या पुटपुटण्यावर वाद घालतो. हत्तीकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. तो मालवराज इंद्रवर्म्याचा हत्ती. युद्धात त्याने काय अपराध केला होता? त्याचे नाव अश्वत्थामा होते, एवढाच. भीमाला हत्ती नको होता, त्याला नाव हवे होते. हत्ती मारून जे वाक्य तयार झाले ते अक्षरशः खरे होते, आणि ते खरे करण्यासाठीच हत्तीला मरावे लागले. द्रोणांनी आपल्या मनाने त्याचा अर्थ लावला. वाक्यात 'तुमचा पुत्र' असे शब्द नव्हते. तरी व्यासांनी युधिष्ठिराला सोडले नाही. जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ खाली आला. द्रोण काय समजतील हे ज्याला ठाऊक होते, आणि ते तसे समजावेत म्हणूनच जो बोलला, त्याला 'मी शब्द खरेच वापरले' या सबबीमागे लपू दिलेले नाही. शब्दाची जबाबदारी ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत जाते, असा हा निवाडा आहे. ऐकणाऱ्याने वाटेल तो अर्थ काढावा आणि बोलणाऱ्याने तो सोसावा, असा मात्र तो नाही. 'सदुसष्ट' ऐकून कोणी त्यात दिवस मोजले, तर त्याला हिसारचे विद्यापीठ बांधील नाही, कारण ते मोजले जावेत अशी कोणाची योजना नव्हती. योजना होती की नव्हती, येथेच सगळी मेख आहे.

यावर व्यापारी विचारील की, असे कोण करीत नाही? हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेत नाही. मारुती ८०० च्या इंजिनाचे आकारमान ७९६ घन सेंटिमीटर होते. चार वाढविले म्हणून कोणी फसला नाही. चपलेच्या किमतीत मात्र हजार रुपयांना एक कमी करून ९९९ लिहितात. गुण सांगताना आकडा वर सरकतो, किंमत सांगताना खाली. दोन्हींकडे माणसाचे मन कोठे निसरडे आहे हे विकणाऱ्याला बरोबर माहीत असते. हे लहान लाड झाले. परंतु सगळ्यांनी आकडे फुगविले म्हणजे न फुगविणाऱ्याचे काय होते, हे संगणकाच्या जगात एकदा स्वच्छ दिसले. लिनक्स प्रणालीचा 'स्लॅकवेअर' नावाचा संच पॅट्रिक व्होल्कर्डिंग हा गृहस्थ तयार करीत असे. १९९९ मध्ये त्याने चारवरून एकदम सातवर उडी घेतली. मधले पाच आणि सहा कधी झालेच नाहीत. इतरांचे आकडे सहापर्यंत गेले होते, आणि 'तुम्ही सहा कधी आणणार?' असे लोक त्याला सारखे विचारीत होते. त्याचा माल मागे नव्हता, आकडा मागे होता. त्याने कारण उघड सांगितले, म्हणून आम्ही त्याला दोष देत नाही. पण खोट्या आकड्यांच्या बाजारात खऱ्या माणसालाही कर भरावा लागतो तो असा. बियाण्याच्या धंद्यात हीच उडी घेणाऱ्याने कारण सांगितल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

त्याच जगात याच्या उलट टोकाला डोनाल्ड नूथ हे गणिती बसले आहेत. अक्षरजुळणीसाठी त्यांनी 'टेख' नावाची प्रणाली रचली. तिच्यातील चूक दुरुस्त झाली की ते आवृत्तीचा क्रमांक एका अंकाने लांबवितात, आणि ते अंक वर्तुळाच्या परिघाचे व व्यासाचे जे गुणोत्तर, त्याचे असतात. २०२१ मध्ये तो क्रमांक ३.१४१५९२६५३ पर्यंत पोचला. प्रत्येक नव्या अंकाने तो कमी कमी सरकतो, म्हणजे वस्तू पूर्णतेच्या जवळ आली आहे आणि आता फारसे बदलण्याजोगे नाही, हे तो आकडाच सांगतो. आपल्या पश्चात तिला हात लावू नये आणि क्रमांक नुसता 'पाय' करावा, उरलेल्या चुका मग तिचे गुणच समजावेत, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. विकण्यासाठी केलेली वस्तू नसल्यामुळे त्यांना हे परवडले, असे कोणी म्हणेल. आणि ते बरोबरही असेल.

आणि उडी नेहमी खोटीच असते असेही नाही. मोटारींच्या धुराविषयीचे आपले नियम १ एप्रिल २०२० रोजी चारवरून थेट सहावर गेले, पाच गाळून. पण त्याच वेळी इंधनातील गंधकाचे प्रमाण दशलक्षात पन्नास भागांवरून दहावर आणले गेले होते. तेथे आकड्यामागे तेलशुद्धीकरण कारखान्यांचा खर्च उभा होता.

आणखी एक प्रकार असा आहे की, ज्यात फसवणूक नसते आणि तरीही मन अस्वस्थ होते. दिल्लीच्या पुसा संस्थेचा एक तांदूळ २००३ साली 'पुसा सुगंध ४' किंवा 'पुसा ११२१' या नावाने बाहेर आला. शिजल्यावर त्याची शिते विलक्षण लांब होत. २००८ साली त्याला 'पुसा बासमती ११२१' असे म्हणण्यास सरकारी मान्यता मिळाली. त्याच्या वंशात बासमती होता, तेव्हा नाव चोरीचे नव्हे. पण २००७ चा दाणा आणि २००९ चा दाणा यांत फरक काय झाला? काहीच नाही. फरक झाला तो बाजारातील त्याच्या जागेत. 'सुगंध' म्हणून जो परका होता तो 'बासमती' म्हणून घरचा झाला आणि परदेशी जाणाऱ्या बासमतीत त्याने मोठा वाटा उचलला. एवढा पैसा एका शब्दात राहतो, हे एकदा दिसल्यावर शब्द हाताळणाऱ्यांकडे आपण निराळ्या नजरेने पाहू लागतो.

घेणाराही या सगळ्यात अगदी निरागस नसतो, हे सांगितलेच पाहिजे. शेजाऱ्याने नवा आकडा पेरला आणि आपण जुनाच, ही बोच बाजरीच्या कणसाइतकीच खरी असते. मुंबई-पुण्यातील आमचे आप्त दर वर्षी दूरध्वनीचा नवा क्रमांक घेतात आणि जुन्यात काय बिघडले होते असे विचारले की विषय बदलतात; त्यांना आम्ही शेतकऱ्यापेक्षा शहाणे म्हणणार नाही. पण त्यांचे नुकसान फार तर काही हजार रुपयांचे. चौमूंच्या भोवतालच्या वाळवट रानात जुलैचा पाऊस एकदाच येतो. त्या ओलीवर चुकीचे बी पडले तर ती ओल परत येत नाही.

बियाण्याच्या पिशवीला एक चिठ्ठी असते. प्रमाणित बियाण्याची निळी, आणि उत्पादकाने स्वतःच्या जबाबदारीवर विकलेल्या सत्यप्रत बियाण्याची हिरवी. १९६६ च्या बियाणे कायद्यापासून तिच्यावर काय असावे हे ठरलेले आहे: पीक, वाण, उगवणीचे शेकडा प्रमाण, शुद्धता, तपासणीची तारीख, आणि एका कोपऱ्यात लॉट क्रमांक. पिशवीच्या दर्शनी भागावरचा आकडा हातभर मोठा, रंगीत, सूर्यफुलासारखा उमललेला. हा कोपऱ्यातला आकडा मुंगीएवढा. त्याला व्यंजना मुळीच नाही. तो कोणापेक्षा चांगला नाही, नवा नाही, कोणी तो मागत नाही, दुकानदार तो मोठ्याने वाचत नाही. पण बी उगवले नाही तर कृषी अधिकारी प्रथम तोच विचारतो, आणि तोच त्या पिशवीला ती जेथे भरली गेली त्या जागेपर्यंत मागे नेऊ शकतो. पावतीवर तो लिहून घ्यावा, चिठ्ठी फाडून टाकू नये, रिकामी पिशवी व मूठभर बी कापणीपर्यंत जपून ठेवावे, असे कृषी खाते दर हंगामाला सांगते. येथील बाजारात पेरणीच्या दुसऱ्या दिवशी त्या चिठ्ठ्या दुकानांच्या पायऱ्यांखाली पडलेल्या असतात, निळ्या आणि हिरव्या, आणि झाडूवाला त्या बाकीच्या कचऱ्याबरोबर लोटून नेतो.